मागच्या सीटचे टाके

१४ नोव्हेंबर

वहिनी,

पंपावरच्या बाईंनी तुला हे पत्र दिलं असेल, तर तू पोचलीस. वर खाणीच्या गावात एक बाई राहायला येतील आणि त्यांना चौकशी आवडत नाही, एवढंच मी त्यांना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "मलाही नाही आवडत, पण होते माझ्याकडून." माणूस भरवशाचा आहे. तुझी-माझी पत्रं त्यांच्याकडेच राहतील, ऑइलच्या डब्यांमागे. वर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. फोन कुठून लागला हे शोधणारी माणसं दादाच्या ओळखीची आहेत.

आता कामाचं. खाण बंद पडल्यापासून त्या गावात कुणी राहत नाही. मी फोटोंसाठी इतक्यांदा गेलेय की मला ते माझ्या घरापेक्षा पाठ आहे. माडीवर जायची वेळ आली तर खोलीच्या मधून चालायचं नाही. भिंतीला पाठ लावून कडेकडेने. तुळया भिंतीत बसवलेल्या असतात, तिथल्या फळ्या तग धरतात. मधल्या वरून धडधाकट दिसतात आणि आतून भुसा झालेल्या असतात. पगारघराच्या माडीवर तर शक्यतो जाऊच नकोस. झोपायला घर नको, शेडमधली बस बरी. तिला चाकं नाहीत, दगडांवर उभी आहे, पण काचा शाबूत आहेत. विहीर पगारघरामागे आहे.

आम्ही पडक्या जागांचे फोटो काढणारे लोक आपसात काही नियम पाळतो. कडेने चालायचं. आतलं काही हलवायचं नाही. आणि जागा कुणालाही सांगायची नाही, मेलो तरी. त्यामुळे तू निश्चिंत राहा.

दादा काल आला होता. तू माहेरी नाहीस हे त्याला कळलंय. कपाटं उघडून पाहिली, वाकून पलंगाखाली पाहिलं, जशी काही तू मांजर आहेस. माझी मोठी लेन्स फुटली. मग चहा प्यायला आणि गेला. काळजी करू नकोस. मी जिन्यावरून घसरले, मान जरा आखडलीय, बाकी ठीक.

हाताचं काय? स्टँडवर तू सगळं डाव्या हाताने करत होतीस. दादाच्या त्या गाड्या ओढायच्या क्रेनचा दरवाजा लागला तेव्हापासून तो उजवा हात सुधारेल असंच मी धरून चालले होते.

बारकी


२२ नोव्हेंबर

वन्सं,

(हा शब्द ऐकला की म्हातारं झाल्यासारखं वाटतं म्हणता ना? म्हणून मुद्दाम.)

पोचले. बस झाडून घेतली. ड्रायव्हरच्या सीटवर स्वयंपाकघर मांडलंय, कंडक्टरच्या जागी कपडे. तुम्ही दिलेला स्टोव्ह भुरभुर करतो, पण पेटतो. वारा सुटला की सगळ्या गावाची दारं एकदम वाजतात. पहिल्या दिवशी प्रत्येक दाराला तो आला असं वाटून मी चाकू घेऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी बसून राहिले. आता कुठलं दार कसं वाजतं ते कळायला लागलंय.

पंपावरच्या बाई फारच चौकस. "तुमची ती फोटोवाली, पडकी घरंच का काढते? चांगली मिळत नाहीत?" म्हटलं, चांगल्या घरांत माणसं असतात, ती हलतात. बाई म्हणाल्या, "हे मात्र खरं."

तुम्ही हाताचं विचारलंत. तुम्ही इतकं केलंत, आता खोट्यावर राहू नका. दरवाजा लागला नाही, वन्सं. लावला. मी खाली उतरत होते, हात चौकटीवर होता. पहिल्या वेळी मी ओरडले. ओरडले म्हणून दुसऱ्यांदा. मग मलाच मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत रडत गेला. दोन बोटं कायमची वाकली. शिवण सुटू नये म्हणून मी डाव्या हाताने शिकायला बसले. एका धड हाताने बाकी सगळं येतं, सुईत दोरा तेवढा ओवता येत नाही. तर रोज संध्याकाळी कामावरून आला की हात धुऊन माझ्यासमोर बसायचा आणि सुया ओवून ठेवायचा. उद्या पुरतील इतक्या. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. ते दिवस आमचे सगळ्यात चांगले गेले, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

रविवारी येताय तर मेणबत्त्या आणि मीठ आणा. आणि जिन्यावरून सांभाळून उतरत जा.

तुमची वहिनी


८ डिसेंबर

वहिनी,

तुला बघून जिवात जीव आला. पण मला वाटलं होतं तू रडशील, आणि तू बटाटे उकडलेस.

आल्यापासून तुझं ते दोनदा लावलेलं दार डोक्यातून जात नाही. दादा तोच आहे, जो बाबा गेल्यावर शाळा सोडून गॅरेजात लागला आणि पहिल्या कमाईतून मला जुना कॅमेरा आणून देऊन म्हणाला, "बारके, तू बघत बस, मी कमावतो." मी दोघांना एका माणसात बसवायला जाते आणि एक जण बाहेरच राहतो.

परवा तो पुन्हा आला. ह्या वेळी काही फोडलं नाही. पायरीवर बसला, आत ये म्हटलं तरी येईना. वाळलाय. म्हणाला, "कुठे आहे ते नको सांगू. जिवंत आहे एवढं सांग." आणि हमसून रडायला लागला. मी म्हटलं, "जिवंत आहे." एवढंच, वहिनी. बाकी एक अक्षर नाही. तो डोळे पुसून लगेच गेला, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून. मला वाटतं त्याच्यात काहीतरी खरंच मोडलंय. तू रागावू नकोस.

एक चांगली बातमी. टायरच्या कंपनीला कॅलेंडरसाठी भंगार गाड्यांचे फोटो हवे होते. मी जुन्या फोटोंचा गठ्ठा दिला होता, त्यात रविवारी काढलेला एक टाकला. तू विहिरीवर गेली होतीस आणि बसमध्ये मागच्या काचेतून असं काही ऊन आलं की माझ्याने राहवलं नाही. मागची सीट, फाटलेलं छत, धुळीचा पट्टा. माणूस नाही, तुझी एक वस्तू नाही, सगळं तपासून काढलाय. ऑगस्टच्या पानासाठी त्यांनी नेमका तोच निवडला. संपादक म्हणाला, इतकी रिकामी जागा कधी पाहिली नव्हती.

बारकी


१६ डिसेंबर

वन्सं,

रागावू नकोस म्हणालात. रागावलेय.

तो जिवंत आहे का विचारायला आला नव्हता. तुम्हाला माहीत आहे का, हे विचारायला आला होता. ते तुम्ही सांगितलंत. त्याचं रडणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. खरंच असतं, तेच तर वाईट. मारतानाही तो खरा असतो आणि रडतानाही. मी नऊ वर्षं रडण्याची वाट बघत मार खाल्ला.

आणि तुम्ही रविवारी गळ्याला मफलर गुंडाळून आलात. स्टोव्हशी बसून घाम आला तरी काढला नाहीत. भांडी घासायला वाकलात तेव्हा मला दिसलं. पायरीला बोटं नसतात, वन्सं. ती कुठली बोटं आहेत आणि अंगठा कुठे येतो, हे मला न मोजता सांगता येतं. तुम्ही हे माझ्यापासून लपवलंत, तसंच मी नऊ वर्षं तुमच्यापासून लपवलं. आपण दोघींनी मिळून त्याला चांगलं सांभाळलं.

आता फोटोचं. मागची सीट म्हणालात. कुठली बाजू? ती सीट मी शिवलीय. खाणीच्या यंत्रांचे चामडी पट्टे शिवायच्या खोलीत मला दाभण आणि मेणाचा दोरा सापडला. दाभणाचं नेढं मोठं असतं, एका हाताने ओवता येतं. डोळ्यांपुढे फाटलेलं रेक्झीन लोंबत होतं, ते मला बघवेना. तुम्ही आलात तेव्हा बोलेन म्हटलं, राहिलं. ते दिसतंय का फोटोत? नीट पाहून लगेच कळवा.

वहिनी


२४ डिसेंबर

वहिनी,

दिसतंय.

भिंग लावून पाहिलं. सीटच्या उजव्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तुझी शिवण गेलीय, सरळ, नवी, दोऱ्यावर मेणाची चकाकी. तो फोटो काढताना मी त्या सीटपासून हातभर अंतरावर होते. प्रकाश मोजला, धूळ पाहिली, गंजाचे रंग पाहिले. वीस वर्षं मी फाटलेलंच शोधत आलेय. शिवलेलं मला दिसलंच नाही.

संपादकाकडे धावले. म्हटलं, ते पान काढा, फोटोत दोष आहे. तो हसला. "बाई, ट्रक निघालेत. दोष कुणाला दिसणारे?" ह्या कंपनीची कॅलेंडरं कुठे लागतात ते मला सांगू नकोस. आता रोज तेच डोळ्यांपुढे येतं, पण दादा दुसऱ्याच कंपनीचे टायर वापरतो, त्याच्याकडे कदाचित जाणार नाही. आणि गेलं तरी एका शिवणीवरून कोण काय ओळखेल? असं मी स्वतःला समजावते आहे. तू स्वतःची अशी समजूत घालू नकोस, सावध राहा.

दुसरी जागा बघून ठेवलीय, समुद्राकडे बंद पडलेली मिठाची वखार. गाडी दुरुस्तीला आहे, जानेवारीच्या मध्याला तुला न्यायला येते. तोवर क्रेनचा आवाज आला तर बसमध्ये थांबू नकोस.

आणि हो. पायरी नव्हती.

बारकी


९ जानेवारी

बारके,

पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर तू घाबरतेस, आणि घाबरलीस की खोटं बोलतेस.

टायरवाला नवीन गिऱ्हाईक धरायला आला होता, कॅलेंडर देऊन गेला. मी सगळ्यांना दाखवलं, माझ्या बहिणीने काढलेत. ऑगस्टचं पान उघडून टांगलंय. गॅरेजातले म्हणाले, "उस्ताद, अजून जानेवारी चाललाय." म्हटलं, चालू दे.

फोटो मस्त काढतेस. तो कॅमेरा मी दिला, वाया नाही गेला. इतका साफ फोटो की टाकान् टाका वेगळा दिसतो. टाके डावीकडे कललेत. उजव्या हाताने शिवणाऱ्याचे असे पडत नाहीत. आणि शेवटी दोरा दोनदा फिरवून गाठ आत ढकललीय. हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? त्या हाताला दोरा ओवून द्यायला मीच बसायचो.

बसचं म्हणशील तर खिडकीखालच्या रिव्हेटच्या जोडओळी बघ. अशी बांधणी फक्त त्या खाणीने करून घेतली होती. त्यातल्या दोन बस मीच भंगारात ओढून नेल्या. तिसरी शेडमध्ये राहिली, तिला चाकं नव्हती.

तुझ्यावर राग नाही. तू तिला लपवलंस आणि तूच फोटो काढून मला सांगितलंस. आतून तुलाही वाटतच असणार की तिने घरी यावं. रक्त आहे शेवटी.

हे पेटीत टाकून निघतोय. तुला मिळेल तोवर आम्ही दोघं घरी असू. ये जेवायला. लेन्स भरून देईन.

दादा


११ जानेवारी

वन्सं,

मी जिवंत आहे. तोही आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा श्वास अडकणार नाही.

काल सकाळी मी पगारघरामागे विहिरीवर होते. त्याच्या क्रेनचा खोकला मला झोपेतही कळतो. दारांच्या आवाजात तो आला आणि मी बादली तिथेच सोडून भिंतीआड बसले. त्याने शेडसमोर क्रेन लावली. उतरला, मला हाक मारली. माझं माहेरचं नाव घेऊन, लग्नाआधी घ्यायचा तसं, अगदी मऊ. मी आत झोपलेय असं वाटलं त्याला, कारण माझी शाल खिडकीला होती. पुन्हा हाक मारली. मग बसच्या मागच्या बाजूला साखळी लावली, हुक अडकवला आणि बस वर उचलली. आणि सोडली. वन्सं, उंदराचा पिंजरा आपटतात तशी. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. काचा फुटून बाहेर उडत होत्या. तो प्रत्येक वेळी थांबून कान देत होता, ओरडले का ते ऐकायला. मी आत असते तर माझी मान केव्हाच मोडली असती. त्याला वाटत होतं मी न ओरडून हट्ट करतेय.

मी नाही हे कळल्यावर त्याने चाकाचा पाना घेतला आणि घराघरात शिरायला लागला. ज्या दारांची मला सवय झाली होती ती एकेक करून गप्प झाली. पळायला मोकळं माळरान, लपायला काही नाही. तुम्ही जाऊ नकोस म्हणाला होतात त्याच माडीवर मी गेले, कारण तिथून मागे उतरायला लोखंडी शिडी आहे. भिंतीला पाठ लावून, कडेकडेने. अर्ध्या वाटेत होते आणि तो जिन्यात आला.

त्याने मला केसांना धरून भिंतीवर दोनदा आपटलं. माझ्या तोंडात रक्त आलं, एक दात जिभेवर आला. मग डावा हात धरून भिंतीवर चपटा केला. अगदी नीट, बोटं मोकळी करून, मापाला धरतात तसा. म्हणाला, "ह्या हाताला मीच शिकवलं. आता हाही." पाना वर गेला तेव्हा मी त्याच्या मनगटाला चावले. पाना बोटांच्या शेजारी बसला, विटेचा तुकडा उडाला, करंगळीचं नख गेलं. मी सुटले आणि भिंतीभिंतीने पळाले. पळाले कसली, सरकले. तो हसला. म्हणाला, "अशी काय चालतेस, गोगलगायीसारखी?" आणि मला गाठायला सरळ मधून आला.

आवाज मोठा नव्हता. कुणी ओला पुठ्ठा फाडावा तसा. तो होता आणि मग नव्हता. खालची खोली तिजोरीची, जमिनीच्या आत उतरलेली. धूळ बसल्यावर मला दिसला. एक पाय मागे वळला होता, जसा पाय वळत नाही.

मी तुळईवर बसले. आधी त्याने शिव्या दिल्या. मग वर येऊन मारीन म्हणाला, मग हसला, कारण त्यालाच ते कळलं. मग रडला. म्हणाला, "घरी चल, मी रोज ओवून देईन." म्हटलं, "कसं शोधलंस?" तर त्या अवस्थेतही चेहरा उजळला त्याचा. टाके, गाठ, कॅलेंडर, सगळं सांगितलं. त्याला वाटलं मला कौतुक वाटेल. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलंही. माझ्या हाताकडे एवढं लक्ष दुसऱ्या कुणी दिलं नाही कधी.

मग त्याने पाणी मागितलं.

मी तिथे किती वेळ बसले ते तुम्हाला सांगणार नाही. कुणालाच सांगणार नाही. तो मरेल म्हणून बसले होते, हे मात्र सांगते. काही करायची गरज नव्हती, नुसतं कडेकडेने खाली उतरून निघून जायचं. गावात कुणी नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही. तुमचाच नियम. मग मनात आलं, हा इथे राहिला तर मी जिथे जाईन तिथे भिंतीला पाठ लावूनच चालेन. डब्याला दोरी बांधून पाणी सोडलं, पाव टाकला आणि चालत पंपावर गेले. बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, "सकाळी माझ्याकडूनच डिझेल घेऊन गेला गं. मी त्याला सुटे परत दिले." आणि रडायला लागल्या. मीच त्यांना पाणी दिलं. काल सगळा दिवस मी पाणीच देत होते.

मी वाचवलं असं समजून माझे आभार मानू नका. आणि तुमच्यावर राग नाही असंही लिहिणार नाही. आहे. तुम्ही मला जागा दिलीत आणि तुमच्याच हाताने ती गेली. दोन्ही खरं. मी उद्या निघते. वखारीत नाही.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आणि दादाचं पत्र एकाच दिवशी हातात पडली. आधी त्याचं उघडलं. "ये जेवायला" वाचून मी तशीच गाडी काढली, अर्धवट दुरुस्त झालेली, आणि पंपावर बाईंनी तुझं दिलं.

कुठे आहेस? बाई म्हणतात, पत्र पोचेल, कसं ते विचारू नका. म्हणून लिहिते आहे.

दादाच्या खुब्यात सळई घातली. कुबड्यांवर चालेल, क्रेन पुन्हा चालवणार नाही. त्याने पोलिसांना सांगितलं की भंगाराची बस ओढायला गेलो होतो, पडलो. कुणाबद्दल तक्रार नाही, बायकोबद्दलही नाही, ती बिचारी मनाने आजारी आहे. मी खाटेशेजारीच उभी होते. त्याने माझा हात धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. हवालदार लिहून घेत होता. माझ्यासाठी सगळ्यात सोपं होतं गप्प बसणं. काच त्याने फोडायची आणि मी गप्प बसायचं, हे आम्हाला फार लहानपणापासून जमतं.

मी हात सोडवला आणि म्हटलं, मला काही दाखवायचंय.

मी वर जाऊन आले होते, वहिनी. सगळं जसंच्या तसं होतं. ह्या वेळी प्रकाश पाहिला नाही. बसच्या मागच्या बाजूचे हुकाचे चरे काढले. तुझी शाल काढली, काचांनी भरलेली. फोडलेली दारं ओळीने काढली. माडीवर कडेकडेने गेले आणि भिंतीवरचा तो विटेचा खड्डा काढला. त्याच्या बाजूला रक्तात तुझ्या हाताचा पंजा उमटलाय, बोटं मोकळी. एक फोटो हललाय. तोही ठेवला. मग टेबलावर बसून प्रत्येक फोटोच्या मागे गावाचं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ते मी हवालदारापुढे ठेवले, दादाचं पत्रही ठेवलं. आणि मानेचं सांगितलं. दादा म्हणाला, "बारके, तूही?" मी म्हटलं, "दादा, तूच म्हणाला होतास, बघत बस." दवाखान्यातून बाहेर आले आणि पायरीवर बसून ओकले. खटला उभा राहतोय. तुझा जबाब लागेल म्हणतात. नसेल द्यायचा तर माझा आणि फोटोंचा पुरेल का ते वकील बघतेय.

त्याला संध्याकाळचा डबा मीच नेते. हे तुला आवडणार नाही. मला अजून ते बंद करता येत नाही.

कॅलेंडरवालीला माफ करू नकोस, पण एक ओळ लिही.

बारकी


मार्चमधला एक दिवस

प्रिय फोटोवाली,

पंपावरच्या बाई तुला हेच म्हणतात, मीही आता तेच म्हणणार. वन्सं हे नातं त्याच्याकडून आलं होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. तू माझ्याहून लहान आहेस, तर तू. इतकी वर्षं तुम्ही-तुम्ही करून माझी जीभ दुखली.

जबाब दिला. वकीलबाईंना भेटले, त्यांच्या गावी, माझ्या नाही. त्यांनी तुझे फोटो टेबलावर मांडले. भिंतीवरचा तो हात बघून मी विचारलं, हा कुणाचा? त्या म्हणाल्या, तुमचाच. मी माझा हात त्या फोटोवर ठेवून पाहिला. बसला. मग जबाब सांगायला सोपं गेलं, कारण जे झालं ते माझ्या एकटीच्या डोक्यात राहिलेलं नव्हतं.

डबा नेतेस, ने. मला विचारत जाऊ नकोस. रडला तर मात्र निघून ये.

मी एका खोलीत राहते. खिडकीतून काय दिसतं ते लिहायला हात शिवशिवतोय, पण नाही लिहिणार. पत्रावर पत्ताही नाही, शिक्का दुसऱ्याच गावचा आहे. तू शिकवलंस तेच करतेय. चिडू नकोस. कधी सांगेन, कधी नाही सांगणार, ते आत्ता मलाही माहीत नाही. खोली लहान आहे, जमीन फरशीची, आणि मी तिच्या बरोबर मधून चालते. पहिले दोन आठवडे नाही जमलं.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं काम मिळालंय. मालकीण म्हणाली, डावा हात सफाईदार आहे की तुमचा. मी त्या हाताने शिवायचं थांबवलंय. उजव्याने शिकतेय, त्याच दोन वाकड्या बोटांनी. टाका कुठेही जातो, लांब-आखूड पडतो, कुणाचाच वाटत नाही. मालकीण कपाळाला हात लावते, पण ठेवून घेतलंय. सोबत तुझ्या कॅमेऱ्यासाठी पिशवी पाठवतेय, त्याच हाताची. वेडीवाकडी आहे. तुला ओळखू येणार नाही ती माझी आहे म्हणून, आणि तशीच हवी होती मला.

साधी सुईच वापरते, बारीक नेढ्याची. ती दातात धरते, मान खाली घालते आणि दोरा आणते. बहुतेक वेळा चुकतो. लाळ लावून पुन्हा टोक करते, पुन्हा आणते. समोरच्या खुर्चीवर कुणी नसतं. मग एकदा जातो.

तुझी मी